सासऱ्यांना चढलेली बडीशेप

माझ्या सासऱ्यांना कुवेतमध्ये चढली, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. हा देश ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे दारूला बंदी आहे. दुकानात नाही, हॉटेलात नाही, विमानतळावरही नाही. पिऊन गाडी चालवताना कुणी सापडला, तर शेवटी त्याला घरी पाठवतात. फक्त ते घर त्याच्या मूळ गावचं असतं.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, वेंगुर्ल्याचे. मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. गेल्या वर्षी सासूबाई वारल्या आणि अप्पा बोलायचेच थांबले. म्हणून माझ्या बायकोने, मृणालने, त्यांना आमच्याकडे, कुवेतच्या एगैला भागात आणलं. आल्यापासून ते बाल्कनीत बसून समोरच्या मॉलचं पार्किंग बघत राहायचे. काहीही विचारा, उत्तर एकच. झोप लागली? बरं आहे. चहा आणू? बरं आहे. अप्पा, तुम्ही उलटा पेपर धरलाय. बरं आहे.

मृणाल हॉस्पिटलच्या लॅबमधून दमून यायची आणि त्यांच्यासाठी बांगड्याचं कालवण करायची, खोबरं वाटून, तिरफळं घालून. (मी पुण्याचा, वरणभातावर वाढलेला. पण त्या वासाने माझाही हात पुढे व्हायचा.) अप्पा दोन घास खायचे आणि ताट सारायचे. मग भांडी घासताना मृणाल नळ जरा जास्तच मोठा सोडायची, म्हणजे आम्हाला दुसरा कुठला आवाज ऐकू येऊ नये.

ऑफिसातल्या एकाने मला खैरानच्या एका ग्रीक खानावळीचं नाव सुचवलं. समुद्रकाठी आहे, मासा ताजा असतो म्हणाला. आमची सई, वय वर्षं पंधरा, मराठी कळतं पण बोलते इंग्लिश, फोनवर त्यांची जाहिरात वाचत होती. "आयलंड-स्टाइल सीफूड अँड स्पिरिट्स."

बाल्कनीतून आवाज आला, "स्पिरिट म्हणजे तेच ना?"

तीन आठवड्यांत 'बरं आहे' सोडून अप्पा पहिल्यांदाच काही बोलले होते. त्यांना 'नाही' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "जाऊन तर बघू."

शुक्रवारी दुपारी आम्ही गेलो. पांढऱ्या भिंती, निळ्या खुर्च्या, बर्फावर मांडलेले मासे आणि पलीकडे ग्रीसहून आलेला पांढऱ्या मिशांचा म्हातारा आचारी. मी चष्मा घरी विसरलो होतो. मेन्यूवरची मोठी अक्षरं तेवढी दिसत होती, बारीक नाही. अप्पांनी 'स्पिरिट्स' या शब्दावर बोट ठेवलं आणि केरळच्या वेटरकडे बघितलं. वेटर हसला. "बहुत स्पेशल है, सर."

नक्षीदार बाटलीतून दुधासारखं पांढरं काहीतरी बर्फावर ओतलं गेलं. मी मृणालच्या कानात म्हणालो, "काळजी करू नकोस. सरबत आहे. इथे दुसरं काही मिळूच शकत नाही."

अप्पांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कडक."

दुसरा ग्लास अर्धा ठेवून ते उठले आणि थेट आचाऱ्याकडे गेले. त्यांनी मालवणीत बोलायला सुरुवात केली, त्याने ग्रीकमध्ये. अप्पांनी हाताने बोटीचं इंजिन सुरू करून दाखवलं. आचाऱ्याने हाताने जाळं टाकून दाखवलं. मग दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले आणि आचारी डोळे पुसायला लागला. आजूबाजूची टेबलं माना वळवून बघत होती.

"तू नक्की सरबतच दिलंस ना त्यांना?" मृणालने विचारलं.

मी रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर आहे. शंका आली की तपासणी करायची, हा माझा धंदा. मी अप्पांच्या ग्लासातला एक घोट घेतला. कळेना. दुसरा घेतला. बडीशेपेचा वास, घशात जराशी जळजळ. खात्री करायला मग ग्लास संपवला. माझे कान गरम झाले. खुर्ची किंचित डुलतेय असं वाटायला लागलं.

मी वेटरला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "इसमें कुछ है क्या?"

"है ना, सर," तो म्हणाला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलाने त्याला हाक मारली आणि तो गेला.

माझ्या डोळ्यांपुढे पोलीस, एचआर आणि विमानाचं एकेरी तिकीट, अशी वरात निघाली.

इकडे मासा आला. अख्खा, निखाऱ्यावर भाजलेला. वर फक्त तेल, लिंबू आणि मीठ. हळद नाही, तिखट नाही, खोबऱ्याचा कीससुद्धा नाही. अप्पांनी तो खायला घेतला आणि काटे उरेपर्यंत मान वर केली नाही.

मृणाल बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अप्पा, माझं कालवण एवढं वाईट होतं का?"

अप्पांनी हात पुसले. "वायट नाय गो. तुझा कालवण हुबेहूब तुझ्या आवशीसारख्या लागता. घास तोंडात घातलंय की वाटता, ती आता आतसून इचारतली, मीठ बरोबर पडला मां? मी थांबान रवतंय. कोण इचारीत नाय." त्यांनी काट्यांकडे बोट दाखवलं. "ह्यो मासो तिचो नाय. म्हणान गिळलंय."

मृणालने त्यांचा तेलकट हात धरला. मग अप्पा खूप वेळ बोलत राहिले. सासूबाई माझ्या पुणेरी वरणाला लाडाने 'पिवळं पाणी' म्हणायच्या, हेही मला त्या दिवशी कळलं. बोलता बोलता अप्पा रडले, आणि रडता रडता त्यांनी तिसरा ग्लास मागवला.

निघताना मी गाडीची किल्ली मृणालपुढे ठेवली. "मी चालवणार नाही. मला चढलीय."

मृणालला हायवेची भीती वाटते. पण माझा चेहरा बघून तिने मुकाट्याने किल्ली घेतली. मी मागच्या सीटवर डोकं गुडघ्यांत घालून बसलो आणि प्रत्येक सिग्नलला पोलीस दिसतात का, असं विचारत राहिलो.

पुढे बसलेल्या अप्पांनी वळून माझ्याकडे नीट बघितलं. "जावईबुवा, ते सरबत होतं."

"पण तुम्ही तर…"

"उभा जन्म बंदरावर काढला. मला दारू नि बडीशेप वेगळी कळत नाही होय?" ते पुन्हा समोर बघायला लागले. "शुद्धीतला म्हातारा रडायला लागला, तर तुम्ही डॉक्टरकडे नेता. प्यायलेला रडला, तर रडू देता."

मृणालने एक हात स्टिअरिंगवरून काढून अप्पांच्या हातावर ठेवला. (हायवेला हे चुकीचं आहे. पण सेफ्टी इंजिनिअर त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नव्हता.)

थोड्या वेळाने सई म्हणाली, "इट वॉज ऑन द मेन्यू, बाबा. झिरो अल्कोहोल. राइट देअर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आजोबा वॉज टॉकिंग," ती म्हणाली.

घरी आल्यावर अप्पा ताठ चालत लिफ्टपर्यंत गेले. मला मात्र सई आणि मृणाल या दोघींनी धरून न्यावं लागलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कितीही समजावलं तरी, माझंच डोकं दुखत होतं.