थोरल्याच्या टकलावरचा निवडुंग

"निवडुंग आहेस तू, नुसते काटे!" माझ्या थोरल्या भावानं धाकट्याला सुनावलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. धाकटा रंगीत काचांच्या खिडक्या करायचा. पुढं थोरल्या वहिनीनं बैठकीसाठी वाळवंटातल्या कमानींचं चित्र असलेली खिडकी मागितली, तेव्हा त्यानं मधोमध निवडुंगच बसवला, तोही असा, की दुपारी त्याची हिरवी काटेरी सावली थेट खुर्चीतल्या थोरल्याच्या टकलावर पडावी.

"काढ ती काच!"

"आधी तो शब्द मागं घे, दादा."

थोरल्यानं शब्द मागं घेतला नाही, खुर्चीही हलवली नाही. हट्ट आमच्या घरात सगळ्यांना सारखाच वाटून दिलेला. धाकटा मात्र रंग मंद पडू नये म्हणून दर आठवड्याला जाऊन काच पुसून यायचा. धाकटा वारला, त्या सकाळीही तो शिडी लावून निवडुंग लख्ख करून आला होता.