सोमनाथची दुसरी आक्का

माझा धाकटा भाऊ सोमनाथ जपानी बोलणारा गाइड आहे. अजिंठ्याला जपानी लोकांची बस आली की तो कमरेत इतका वाकतो, की याचं काही खाली पडलं की काय असं वाटावं. आमच्या बापापुढं तो एवढा कधी वाकला नाही.

आम्ही मूळचे अजिंठा गावचे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी चौदाची. त्याचं नाक पुसण्यापासून बारावीचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं मी केलं. पुढं लग्न होऊन मी चिकलठाण्याला आले आणि तो लेण्यांच्या पायथ्याशी गारगोट्या विकू लागला. तिथं त्याला केइको भेटली. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढायला ती दर हिवाळ्यात जपानहून यायची आणि गावात खोली घेऊन तीन महिने राहायची. तिनं त्याला जपानी शिकवलं, रोज संध्याकाळी, असे पाच हिवाळे. उस्मानपुऱ्यातला फ्लॅट, रूपासारखी शिकलेली बायको, सगळं त्या भाषेच्या जिवावर झालं. मी हे नाकारत नाही. फक्त कुणी बोलून दाखवलं की माझ्या पोटात दुखतं.

ती आमच्या आईच्या वयाची. पण त्याला म्हणाली, मला थोरली बहीण म्हण. आता सांगा, आईची जागा घरात रिकामी होती, ती घ्यायची. भरल्या जागेवर येऊन कशाला बसायचं? एका राखीला मी डबा घेऊन गेले, तर याच्या मनगटावर तिकडून आलेला रेशमी गोफ आधीच बांधलेला. मी माझी राखी त्याच्या वर बांधली, जरा आवळूनच.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर या मार्गशीर्षात सोमनाथला मुलगी झाली. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी तर नाव ठरवूनच बसले होते, संस्कृती. बारशाच्या चार दिवस आधी तो माझ्याकडं आला, चहा घेतला आणि म्हणाला, कानात नाव तूच सांगायचं, पण केइको सांगायचं. रूपाचीही काही हरकत नव्हती म्हणे.

उद्या बोलू म्हणून मी त्याला वाटेला लावलं आणि शेजारच्या झेबाला गाठलं. कंपनीत नोकरी मिळावी म्हणून ती जपानीचा क्लास करते. मला त्या नावात काहीतरी खोट सापडायला हवी होती. झेबानं सांगितलं, को म्हणजे लेकरू. त्याच्या आधीचं अक्षर आईबाप आपल्या पसंतीनं घेतात, कुणी कृपेचं, कुणी आनंदाचं, कुणी आदराचं. अर्थ तर चांगलाच निघाला. मग ती हसत म्हणाली, की तिकडं युद्धानंतरच्या काळात एकेका वर्गात चार-पाच केइको असायच्या, आणि आता हे नाव क्वचितच कुणी ठेवतं. को लावलेली नावंच मागं पडलीत. मला एवढंच पाहिजे होतं. म्हणजे तिकडची मंदाकिनी! मी खुशीनं झेबाला दोन लाडू बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्याला जाऊन मी हे सगळं सोमनाथला तिखटमीठ लावून ऐकवलं. शाळेत पोरीला नीट हाक तरी मारता येईल का कुणाला, आणि नाव तरी कसलं, तर तिकडच्या म्हाताऱ्यांचं. नाव जुनं आहे हे त्याला माहीत होतं, केइको स्वतःच त्याला सांगून हसायची. तो हटेना, तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं.

"जित्या माणसाचं नाव लेकराला ठेवत नाय कुणी. लई वंगाळ असतं ते."

तो बाळाच्या दुपट्याची घडी घालत होता. ती त्यानं पुरी केली.

"जित्ती नाय ती, आक्का. श्रावणात गेली. राखीच्या आठ दिस आधी."

म्हणजे राखीला त्यानं माझ्यासमोर बसून नारळीभात खाल्ला, दोनदा मागून घेतला, आणि एक अक्षर बोलला नाही.

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू काय म्हणली असतीस?"

मी काय म्हटलं असतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि रूपाच्या आईला उगाच विचारलं, लाडवात डिंक किती टाकलात.

बाराव्या दिवशी बायका जमल्या. मी पाळण्यावर वाकले. बाळाचा कान माझ्या तोंडाशी होता आणि त्या घटकेला मी संस्कृती म्हटलं असतं, तर मला कुणी अडवणार नव्हतं. मी कुर्रर्र केलं आणि केइको म्हटलं. बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. रूपाची आई गीताबाई, त्यांनी नाव विचारलं. मी मोठ्यानं सांगितलं. वेगळंच आहे पण गोड आहे, असं त्या म्हणाल्या. मला काही ते गोड लागलं नाही. या घरात आता दिवसातून पन्नास वेळा त्या नावानं लाडाची हाक ऐकू येणार, आणि माझं नाव इथं कुणाला ठेवायचं तर आधी मला मरावं लागणार.

सोमनाथ पुढं येऊन माझ्या पाया पडला. उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडत होता, आणि माझ्यासाठी रडत नव्हता.