बर्फातलं इंजेक्शन

"मछली जैसा बर्फ में रखा इसने इंजेक्शन. सुना आप लोगों ने?"

डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. माझ्या डोक्यावरून बाकड्यावरच्या बायांशी बोलल्या. शहरातल्या राइट टाउनचा दवाखाना. मूल होत नाही म्हणून आलेल्या आम्ही साऱ्याच. तरी दोघी-तिघी हसल्या. सोनोग्राफीत आत्ताच दिसलं होतं, माझं बीज वाढलंच नाही. साऱ्या सुया फुकट गेल्या.

मग माझ्या नवऱ्याले म्हणाल्या, "अनपढ़ औरतों का केस लो, तो हमारा रिज़ल्ट बिगड़ता है."

मी सहावी शिकली आहे. बरगीले, धरणावर, आमचा मासोळीचा धंदा, घरी फ्रीज नाही. नर्सदीदीनं इंजेक्शनं नवऱ्याच्या हाती दिली अन् म्हणाली, "बाहर मत रखना, खराब हो जाएगा." बस, एवढंच. आता माल खराब होऊ नये म्हणून काय करतात, हे मले कोण शिकवणार? जल्मभर मासोळी बर्फातच ठेवून राहिली मी. कोरा डब्बा आणला, धुतला, बर्फात इंजेक्शनं पुरली. रोज बर्फ बदलला. जीवापाड जपलं हो.

बाजूले कॉलेजात शिकवणारी एक बाई बसली होती, मराठीच. ती हळूच म्हणाली, "ताई, त्याला बर्फ लागू द्यायचा नसतो. बर्फानं औषध मरतं. मला तर नर्सनं बसवून, दाखवून सांगितलं होतं."

बसवून. दाखवून.

तळपायाची आग मस्तकात गेली. घडीभर आधी मी स्वतःलेच शिव्या देऊन राहिली होती, शाळा काहून सोडली म्हणून. अन् यात समजायले कठीण होतं तरी काय? तिले सांगतलं. मले सांगतलं नाही.

मी म्हटलं, "मॅडम, मुझे किसी ने बताया नहीं."

"बताते तो समझ लेती क्या तुम?"

"बता के देखते."

नवरा हात ओढून राहिला होता, "चल ना, काहून वाढवून राहिली." मी हात सोडवला.

या खेपेची मुलाची आस गेली. ते दुःख कोणाच्या माफीनं जाणार नाही, अन् माफी कोणी मागितलीही नाही. मी पुन्हा येईन, याच दवाखान्यात. पण पोट माझं आहे. नवऱ्याले सांगून मोकळं व्हायचं बंद. मले सांगा. नाही समजलं तर पुन्हा सांगा. तोपर्यंत सुईसाठी पोटावरचा पदर मी सरकवणार नाही.