भिंतीवरचे मामंजी आणि उपासाच्या दिवसांतला कोंबडा

माझी बायको पोपसमोर डोक्यावर पदर घ्यायची. खऱ्या पोपसमोर नव्हे, तो कशाला येतोय वेल्ह्यात. फोटोतल्या.

आमच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर तीन फोटो. एक पोप गेला आणि दुसरा बसला की ही नव्याचा फोटो मिळवायची, काच लावून आणायची. पण जुना काढायची नाही. "माणूस गेलं म्हणून भिंतीवरनं उतरवत्यात व्हय?" म्हणायची. अशी तिघांची रांग झाली. शेजारच्या म्हातारीला वाटायचं, हे आमच्या घराण्यातले मेलेले पुरुष. दर दसऱ्याला ती तिघांना झेंडूच्या माळा घालून जायची. आम्ही काही बोलायचो नाही. माळा चांगल्या दिसायच्या.

माझा बाप नगरकडचा. दगडकामावर हिकडं आला आणि हिकडंच राहिला. धर्म त्याने तिकडूनच आणलेला, रोमचा. हिकडं आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाप माझ्या लग्नाआधीच गेला, त्यामुळे बायकोला सासरा मिळाला नाही. तिच्या आईने तिला सांगून पाठवलेलं, ज्या घरात वडीलधारं नाही त्या घराला धाक नाही. म्हणून हिने पोपला सासरा केलं. फोटोपुढून जाताना पदर. फोटोपुढं बाजेवर बसायचं नाही. मोठ्याने हसू आलं तर परसात पळायची, हसून यायची. मी बिडी काढली की म्हणायची, "बाहीर जावा. मामंजी बघत्यात."

चर्चमधल्या बाकीच्या बाया तिला हसायच्या. ही आपली पदर सावरून उभी.

मला त्याचं काही नव्हतं. मला राग यायचा तो भांडणात. मी टेम्पो चालवायचो; भात, दूध, विटा, लग्नातल्या खुर्च्या, काय मिळेल ते. चुलीपाशी बसून हिशोबाने बोललो तरी ही शेवटी भिंतीकडे बोट करायची. बियाणं कुठलं घ्यायचं? "मामंजी काय म्हणले असते?" मी म्हणायचो, "त्याला भात लावता येतो का?" की ही म्हणणार, "पोप चुकत न्हाईत. तुमी चुकता." झालं. पुढं बोलायला जागाच नाही. सगळा संसार मी असाच हरत आलो, आणि तेही एका फोटोकडून.

मागच्या भातकापणीत ती गेली. ताप आला, भोरला नेली, आणि परत आणली ती झाकून. आमच्या चर्चच्या मागं लहानसा तुकडा आहे, तिथं ठेवली. शेजारची जागा माझी. तसं तिच्याशीच ठरलेलं होतं. मी डाव्या अंगाला, कारण उजव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं.

नंतर मला करमेना. घरात भांडायला कोण नाही. चुलीपाशी मी एक बोलायचो आणि पुढचं वाक्य यायचंच नाही. एका रविवारी फादर पुण्याहून मोटारसायकलवर आले, मिस्सा, म्हणजे आमची रविवारची प्रार्थना, झाली, आणि मी त्यांना अडवलं.

"फादर, एक सांगा. पोप चुकत न्हाई, हे खरं का?"

फादर वयाने माझ्या पोराएवढे. चांगला माणूस. म्हणाले, "तसं नाही बाबा. श्रद्धेच्या गोष्टीत, सगळ्या चर्चसाठी, आपल्या आसनावरून अधिकाराने जाहीर करतात तेव्हाच. तेही क्वचित."

"आणि आसनावरनं उठल्यावर?"

"उठल्यावर माणूसच की."

"म्हंजी चुकतो?"

"चुकू शकतात."

"भाताच्या बियाण्यात?"

फादर हसले. "त्यात तर नक्कीच."

मी चपला हातात घेतल्या आणि घराकडे सुटलो. या वयात मी पळालो. ओढा ओलांडला, बांधावरून गेलो, दारात पाय ठेवला आणि ओरडलो, "अगं, फादर काय म्हणलं ऐकलंस का—"

तिघं पोप माझ्याकडे बघत होते. घरात दुसरं कोण नव्हतं.

सगळ्या जन्मात पहिल्यांदा मी जिंकलो होतो आणि सांगायला माणूस नव्हतं. उंबऱ्यावर बसलो. मग रडून झालं. मग राग आला. बायकोचा कसा येणार, मेलेल्या माणसावर कुठं रागवता येतं. पोपचा आला. म्हटलं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला कोणी सांगितलं नाही!

पुढच्या रविवारी मी पुन्हा फादरना धरलं. "हा अधिकार ह्याला दिला कुणी?"

"येशूने बारा शिष्यांतल्या पेत्राला स्वर्गाच्या चाव्या दिल्या, बाबा. तोच पहिला पोप."

"पेत्राला दिल्या. पेत्र मेला. ह्याच्याकडं कशा आल्या?"

"परंपरेने. वारसा."

"वारसनोंद झाली का? बाकीच्या अकरा भावांच्या सह्या घेतल्या का? आमच्याकडं एका भावानं गुपचूप सातबाऱ्यावर नाव लावलं तर डोकी फुटत्यात."

फादरनी मोटारसायकलला किक मारली.

आता अण्णाचं सांगतो. सारोळ्याला हायवेवर अण्णाचं टायरचं दुकान. तो केरळचा, आणि दक्षिणेतल्या माणसाला आम्ही सरसकट अण्णाच म्हणतो. माझ्या टेम्पोची सगळी टायरं त्याच्या हातची. तोही ख्रिस्ती, पण ऑर्थोडॉक्स. इतकी वर्षं मला वाटायचं, ऑर्थोडॉक्स म्हणजे केरळात राहणारा कॅथलिक. पंक्चर काढताना त्याला सगळं सांगितलं. त्याने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघत म्हणाला, "बाबा, आपल्याकडे पोप नाही."

"नाही म्हंजी? मग चालवतं कोण?"

"सगळे बिशप बसते. मिळून बोलते."

"त्यात मोठा कोण न्हाई?"

"आहे ना. मोठा आहे. पण भाऊ मोठा. बाप नाय."

हे मला एकदम पटलं. थोरल्या भावाला पंगतीत पहिलं पान वाढायचं, त्याच्या पाया पडायचं, सगळं करायचं. पण म्हणून त्याने घरातल्या सगळ्यांचा बाप व्हायचं नाही. आमच्या गावात अर्धी घरं याच भांडणावरून वेगळी निघाली आहेत. रोमचं आणि ह्यांचं तेच झालेलं. थोरला म्हणाला, मीच बाप. बाकीचे म्हणाले, मग घे तुझी चूल.

"आणि पेत्र रोमला गेला," अण्णा म्हणाला, "आपल्याकडे थोमा आला. केरळला. होडीत बसून."

"थोमा म्हंजी तोच ना, येशूच्या जखमेत बोट घातल्याबिगर तो परत उठला ह्यावर इश्वास ठेवला न्हाई?"

"तोच."

"मग माझं जमतंय," मी म्हटलं. "मला तुमच्या चर्चला कधी नेतोस?"

त्यांचं चर्च पुण्यात. अण्णाने रविवार ठरवला. आता कोणाच्या दारात पहिल्यांदा जायचं म्हणजे रिकाम्या हाताने जाता येत नाही. मी एक गावरान कोंबडा घेतला, लाल, तुरेदार, शेजारच्या म्हातारीकडचा. पाय बांधले, पिशवीत घातला, मान बाहेर. सारोळ्याला अण्णाने पिशवी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, उपास चालू आहे."

"कुणाचा?"

"आमचा. पन्नास दिवस. मटण नाय, मासा नाय, अंडा नाय, दूध पण नाय."

"चहा?"

"काळा."

मला जरा विचार पडला. पोपच्या राज्यात दूध तरी होतं. पण कोंबडा परत नेऊन सोडायला वेळ नव्हता, म्हणून तो आमच्याबरोबरच पुण्याला आला. अण्णाने गाडी लावली, पिशवी हँडलला अडकवली, आणि आम्ही चपला काढून आत गेलो.

आत मोठा पडदा. धूप असा की माझे डोळे चुरचुरले. पडद्यामागून फादरचा आवाज, आणि सगळे उभे. बसायचं कधी, तर बसायचं नाहीच. माझे गुडघे बोलायला लागले. भाषा मलयाळी, एक अक्षर कळेना. मी इकडे तिकडे बघायला लागलो आणि बायांच्या बाजूला नजर गेली.

सगळ्यांच्या डोक्यावर पदर.

म्हाताऱ्या, पोरी, नोकरीवाल्या, सगळ्यांच्या. कोणाचा साडीचा, कोणाची ओढणी, पण डोकं झाकलेलं. माझी बायको इथं उभी राहिली असती तर तिला कोणी हसलं नसतं. उलट विचारलं असतं, ही पहिल्यापासून आपल्यातलीच का? मी त्या रांगेत एक जागा बघून ठेवली, खांबाजवळची. म्हटलं, हितं उभी राहिली असती.

तेवढ्यात कोंबडा आरवला.

बाहेरून, हँडलवरून, गळा फाडून. फादर पडद्यामागं थांबले. पोरं फिदीफिदी हसली. मग पुन्हा आरवला. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली: पेत्राने येशूला नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. इथं मी पेत्राला नाकारायला आलो होतो, आणि कोंबडा तर मीच घरून घेऊन आलेलो!

बाहेर आल्यावर अण्णाने माझी गाठ त्यांच्या फादरशी घालून दिली. फादरना एवढी दाढी होती. मी त्यांना म्हटलं, "कोंबड्याची माफी करा. तुमच्यासाठीच आणला होता."

ते म्हणाले, "ईस्टरनंतर आला असता तर त्याचं स्वागत जास्त चांगलं झालं असतं." त्यांना मराठी चांगली येत होती. मग मी मुद्द्याला आलो. "माझी बायको रोमची म्हणूनच मेली. तुमी तिच्यासाठी प्रार्थना करणार का?"

"गेलेल्या सगळ्यांसाठी करतो."

"ती मला सारखी म्हणायची, तुमी चुकता."

"ती तुमच्या बायकोची श्रद्धा," ते म्हणाले. "त्यात आम्ही पडत नाही."

मला माणूस आवडला. तरी ते म्हणाले, घाई करू नका. घरच्या फादरशी बोला. रागाने आलात तर रागानेच जाल. म्हणून मी उपास धरला, काळा चहा प्यालो, अण्णाकडे बसून त्यांचं काय काय ते शिकलो, आणि राग गेला का ते बघत बसलो. राग गेला. पण पटलेलं राहिलं. थोरला भाऊ थोरलाच; बाप नव्हे.

एकच गोष्ट घशात अडकली होती. जागा. चर्चमागचा तो तुकडा रोमवाल्यांचा. फाटकाला कुलूप, चावी फादरकडे. मी तिकडे गेलो तर इथं मला कोण घेणार? आणि पुण्याला मला कुठंतरी पुरलं तर तिच्या डाव्या अंगाला कोण? तिथं दुसऱ्या कोणाला आणून ठेवतील, आणि तो बिचारा तिच्याशी भांडणार तरी कशावरून.

ईस्टर झाला. कोंबडा तोवर मोकळा फिरत होता आणि माजला होता. मी आमच्या फादरना जेवायला बोलावलं. कोंबडा कापला, वाटण मीच वाटलं, भाकरी शेजारच्या म्हातारीने दिल्या. फादर रस्सा ओरपत म्हणाले, "बाबा, हा तोच का? पुण्याला गेलेला?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

मी म्हटलं, "फादर, मी तिकडं जातोय. ठरलंय. त्यांच्यात घेताना कपाळाला तेल लावत्यात, तेवढं राहिलंय फक्त."

फादरनी हात थांबवला. मग म्हणाले, "मला वाईट वाटेल."

"मला पण वाटतंय. पण खोटं कसं बोलू? पोपला थोरला म्हणतो, पाया पडतो. बाप न्हाई म्हणवत."

"मग विचारायचं काय ते विचारा."

"जागा."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिघांच्या काचा पुसलेल्या होत्या, म्हातारीच्या झेंडूच्या वाळक्या माळा तशाच. ते म्हणाले, "हे उतरवणार?"

"का? ते तिचे आहेत. मी कोण उतरवणारा?"

फादर हसले नाहीत. म्हणाले, "तिकडचे फादर मातीला येतील ना? येऊ द्या. मी फाटक उघडून देईन. मी बदलून गेलो तर पुढच्याला सांगून जाईन. तुमच्या बायकोच्या शेजारी कोणाला ठेवायचं याला पोपची परवानगी लागत नाही."

मी त्यांना आणखी एक फोड वाढली. तंगडीची.

हात धुताना ते पुन्हा भिंतीकडे वळले. "बाबा, इथं तीनच आहेत. नवा राहिला की."

खरंच. तिच्यामागं नवा पोप बसला होता आणि इथं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात ठेवणारी तीच होती.

मला तेल लावलं त्या दिवशी अण्णा माझा साक्षीदार म्हणून उभा राहिला आणि माझ्यापेक्षा जास्त रडला. पुढच्या रविवारी फादर आमच्याकडे मिस्सेला आले तेव्हा माझ्या दारात थांबले. कागदात गुंडाळलेला फोटो होता. काच मी भोरला लावून घेतली. खिळा ठोकताना जरा वाकडा गेला. पोप आता चार, आणि घरात पोपचा माणूस एकही नाही.

बिडी मात्र मी बाहेरच ओढतो. मामंजी बघत्यात.

संध्याकाळी तिच्याकडे जातो, डाव्या कानाशी बसतो आणि सांगतो: "तुझ्या सासऱ्यापासनं मी वेगळा निघालो बघ. चूल वेगळी. जागा तीच." मग थांबतो. तिचं उत्तर काय असणार ते मला पाठ आहे.