सुधारित आवृत्ती, मराठी टिपांसह

माझ्या बायकोला वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. मुलांना नाही, आणि ज्यांच्याबरोबर स्टाफरूममध्ये आयुष्यभर चहा प्यायलो त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? परवा एका समारंभात एक माजी प्राचार्य माइक धरून म्हणाले, हल्लीच्या मुलांना पुस्तकं विकत घ्यायला नको, सगळं फुकट हवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येईपर्यंत मात्र माझं डोकं तापलेलं होतं. फुकटची सवय कुणाला होती — मुलांना, की आम्हाला?

मी धुळ्याला एका कॉलेजात गणित शिकवत होतो. आमची कॉलेजं पुण्याच्या विद्यापीठातून निघून जळगावच्या नव्या विद्यापीठात आली, ते दिवस. नवा अभ्यासक्रम, म्हणजे नवी पुस्तकं. अचानक जो तो प्राध्यापक लेखक झाला. जळगावच्या एका प्रकाशकानं मलाही गाठलं. त्याला सगळे शेठच म्हणायचे. मुखपृष्ठावर माझं नाव, आणि खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून आमच्या प्राचार्यांचं. प्राचार्य वनस्पतिशास्त्राचे. गणिताचं कसलं मार्गदर्शन केलं असेल त्यांनी? पण नाव असलं की पुस्तक कॉलेजात लागायचं, एवढं शेठला पक्कं माहीत होतं.

आणि पुस्तक तरी कसलं? निम्मी उदाहरणं मी जुन्या पुस्तकांतून उचलली होती. आकडे बदलले, क्वचित तेही नाही. हे सगळेच करत, म्हणून कुणाला त्यात काही वाटत नसे.

खरी चलाखी पुढेच होती. आमच्याकडे पुस्तक एका मुलाचं नसायचं. शिंदखेड्याकडचा, साक्रीकडचा मुलगा पास झाला की तेच पुस्तक गावातल्या पुढच्या मुलाकडे जायचं, तिथून चुलतभावाकडे, मग एखाद्या बहिणीकडे. पुठ्ठा गळून पडेपर्यंत ते चालायचं. शेठला हे सहन होत नव्हतं. दरवर्षी उन्हाळ्यात तो यायचा आणि म्हणायचा, सर, जरा हलवाहलव करा. म्हणजे काय, तर उदाहरणांचे क्रमांक बदला. चौथं नववं करा, नववं शेवटी टाका. वर छापायचं — सुधारित आवृत्ती. गणितात काडीची सुधारणा नाही, फक्त जुनं पुस्तक निकामी. मी वर्गात गृहपाठ क्रमांकानंच द्यायचो. जुनं पुस्तक घेतलेली मुलं भलतीच उदाहरणं सोडवून आणायची. एकदा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, मनं पुस्तक जुनं शे.” वर्ग हसला. मी म्हणालो, मग नवं घे. त्याच्या महिन्याच्या जेवणाचं काय होईल, हे मला समजत नव्हतं का? चांगलं समजत होतं.

पण हे नाही सांगायचं मला. हे तर सगळ्यांचंच पाप होतं, त्यात माझा वाटा सांगणं सोपं आहे. मी मूळ गोष्टीला बगल देतोय — बघा, अजूनही देतोय.

आमच्याकडे विमल पाटील नावाची मुलगी शिकवायला होती. मुलगी म्हणतो, पण एम.एस्सी. झालेली, शिंदखेड्याजवळच्या खेड्यातली, घरात शिकलेली पहिलीच. तासिकेवर होती, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि सुट्टीत काही नाही. त्या वर्षी कायमची जागा निघणार होती. ती तिलाच मिळावी असं मलाही वाटायचं. शिकवायची चांगलं. मी शिकवल्यावर मुलं वह्या मिटायची; ती शिकवल्यावर मुलं तिच्यामागे जिन्यापर्यंत जायची.

ती एकदा माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, सर, तुमच्या पुस्तकातली उदाहरणं सायक्लोस्टाइल करून मुलांना वाटू का? ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांनाच. जुने क्रमांकही शेजारी लिहीन. कागद मी आणीन, कॉलेजचं फक्त मशीन वापरेन.

मी चहा पीत होतो. खुशीत होतो. म्हणालो, “वाटा की. गणित काय माझ्या बापाचं आहे का?”

हे मी म्हणालो. या शब्दांत म्हणालो.

तिनं स्टेन्सिल स्वतःच्या हातानं कोरल्या. तिच्या बोटांना ती काळी शाई सतत लागलेली असायची. नुसती उदाहरणं नव्हती; प्रत्येकाखाली दोन-चार ओळी मराठीत. आमची मुलं बारावीपर्यंत कशीबशी इंग्रजीशी झुंजत आलेली, त्यांना पुस्तकातलं एक इंग्रजी वाक्य सलग कळत नसे. हिनं लिहिलं, ‘टाकीत पाणी किती आहे ते विचारलेलं नाही. ती किती वेगानं भरतेय ते विचारलंय.’ एवढंच. पण त्या एवढ्याशा ओळींनी मुलांना ते कळत होतं.

कॉलेज रोडवरच्या दुकानात पुस्तकं पडून राहिली. दुकानदारानं जळगावला कळवलं आणि शेठ आला. प्राचार्यांच्या खोलीत बसून त्यानं कायदा काढला, कोर्ट काढलं, चोरी हा शब्द चार वेळा वापरला. चोरी! ज्याच्या पुस्तकाची निम्मी पानं उचललेली, तो माणूस हा शब्द वापरत होता, आणि ती पानं उचलणारा मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. विमल उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नाही. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, मी सरांची परवानगी घेतली होती.

सगळे माझ्याकडे वळले.

मला किती सोपं होतं! हो म्हणायचं. शेठ चिडला असता, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचं नाव छापलं असतं. आणखी काय झालं असतं? माझी नोकरी पक्की होती. माझ्या केसालाही धक्का लागला नसता. पण मला मुखपृष्ठावरचं ते नाव हवं होतं. त्या नावाच्या जोरावर मला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर जायचं होतं.

मी म्हणालो, “मी अशी कुठलीही परवानगी दिलेली नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती प्राचार्यांना म्हणाली, “सरांच्या लक्षात नसेल.” माझं खोटं झाकायला तिनंच मला जागा करून दिली, आणि मी मान हलवली — हो, नसेल लक्षात.

पुढल्या आठवड्यापासून तिचे तास बंद झाले. कायमच्या जागेसाठी तिला मुलाखतीलाही बोलावलं नाही. मुलाखत घेणाऱ्यांत मी होतो.

इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, भित्रा होता बिचारा. बिचारा म्हणू नका. अजून संपलेलं नाही.

जप्त केलेल्या कागदांचा गठ्ठा शेठनं माझ्या हातात दिला होता — बघून घ्या सर, काय काय उचललंय ते. एका रविवारी सकाळी मी तो उघडला. वाचत गेलो. आमच्या पुस्तकापेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. माझा जळफळाट झाला. लाज नाही वाटली तेव्हा, मत्सर वाटला. त्या उन्हाळ्यात शेठ नेहमीसारखा हलवाहलवीसाठी आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, या वेळी काहीतरी वेगळं देऊ.

नवी आवृत्ती निघाली, ‘मराठी टिपांसह’. तिच्या ओळी जशाच्या तशा. टाकीचं वाक्यसुद्धा तसंच, मी एक शब्द हलवला नाही. जी फुकट वाटली म्हणून तिला घालवलं, तीच टिपणं आम्ही किंमत वाढवून विकली. पुस्तक जोरात चाललं. शेठनं जळगावला कार्यक्रम ठेवला, शाल-श्रीफळ दिलं, आणि एक वक्ता म्हणाला, खेड्यातल्या मुलांची नस सरांनी ओळखली. मी ते ऐकून हात जोडले. मी अभ्यास मंडळावरही गेलो. तिथं बसून कुठलं पुस्तक लावायचं ते ठरवत होतो. मी!

विमल मला पुन्हा एकदाच भेटली, धुळ्याच्या एसटी स्टँडवर. एका खेड्यातल्या शाळेत नोकरी करत होती. सोबत भावाची मुलगी होती, आमच्याच कॉलेजात नुकतीच आलेली. तिच्या हातात ते पुस्तक होतं, नवं कोरं, विकत घेतलेलं. मला पळून जावंसं वाटलं. पण विमलनं आधीच नमस्कार केला होता. मग ती पोरीला म्हणाली, “पाय पड. पुस्तक लिखणारा सर शेतस ह्या.”

तिच्या मनात काय होतं, ते तिच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं नाही. पोरगी वाकली. विमल म्हणाली, “टिपा चांगल्या आहेत, सर. हिला समजतं.”

मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विमलला म्हणालो, “आभारी आहे.”