चौघांची एक प्रयोगवही

आम्ही नववीतली मंडळी कुणाच्या लग्नात भेटलो, की पहिल्या पंगतीला एक किस्सा निघतो आणि शेवटची पंगत उठेपर्यंत बाकीचे आपोआप मागे येतात. बहुतेक सगळे अठ्ठ्याहत्तर सालचे, अड्याळजवळच्या आमच्या शाळेतले. शाळेत तराजू एक, पोरं चाळीस! म्हणून विज्ञानाच्या सरांनी गट पाडले. चौघांची एक प्रयोगवही, मार्कही चौघांना सारखेच.

आमच्या गटात मी, वत्सला, रमेश आणि वर्गात पहिला येणारा प्रभाकर. गट ऐकताच तो उभा राहिला. "सर, मी एकटाच करतो. हे तिघं मले मागं ओढतीन."

"मंग तू त्यायले पुढं ओढ!" सर म्हणाले.

*

पहिला प्रयोग त्याने एकट्यानेच केला. पाणी उकळायला ठेवलं, थर्मामीटर स्वतः धरला, घड्याळ स्वतः पाहिलं. मग वहीत लिहायला बसला आणि तेवढ्यात सगळं पाणी आटून काचेचं भांडं तडकलं.

"निष्कर्ष काय?" सरांनी विचारलं.

रमेश म्हणाला, "एका माणसाले दोनच डोळे असतेत, सर!"

*

रमेशला गट फार आवडायचा. गटात बसून राहता येतं ना! पण वहीवर पहिलं नाव त्याचंच.

"तू काय काम केलं रे?"

"मी कोनालेच तरास नाही देला, सर!"

*

कार्यानुभवाच्या तासाला शाळेच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी होती. प्रभाकर तिथंही एका कोपऱ्यात एकटाच रोवायला लागला. वत्सला म्हणाली, "एकट्यानं रोवून राहिला, मंग गाणं कोन म्हणन?"

तो गुपचूप आमच्या ओळीत आला. गायलाही. इतका बेसूर, की आम्ही हसून हसून चिखलात बसलो.

*

वहीतल्या आकृत्या वत्सलाच्या. तिचा बर्नर पाहून वाटायचं, आता पेटेल! प्रभाकर तिला पेन्सिलीला टोक करून द्यायचा. एकदा म्हणाला, "मले आकृती नाही जमत." त्याला काही जमत नाही, हे त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवशी तो मला फार आवडला.

*

दिवाळीनंतर वत्सला शाळेत आलीच नाही. मी तिच्या घरी गेले, तर तिचे बाबा म्हणाले, "पोरगी मोठी झाली. शाळा पुरे आता." ती आतून नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी रडतच परतले आणि गटाला सांगितलं.

वही तपासायचा दिवस आला. रमेश म्हणाला, "राहिलेल्या आकृत्या मी काढतो." आयुष्यात पहिल्यांदा काम मागत होता बिचारा! पण प्रभाकरने वही त्याच्या हाती दिली नाही.

सरांनी पानं उलटली. दिवाळीपर्यंत सगळं नीट; पुढे लिखाण पूर्ण, आकृत्यांच्या जागा सगळ्या कोऱ्या.

"हे काय? चौघायलेही शून्य देऊ काय?"

"देऊन द्या, सर," प्रभाकर म्हणाला. "आकृत्या वत्सला काढते. तिचे बाबा आता तिले शाळेत नाही पाठवत."

सरांनी वही मिटून स्वतःकडेच ठेवली. शाळा सुटल्यावर त्यांनी वही सायकलच्या कॅरिअरला लावली आणि मला विचारलं, "तिचं घर कोणतं?"

मी सांगायच्या आत प्रभाकर दप्तर घेऊन पुढे आला.

"थांबा सर, एकटे नोका जाऊ!"