बरडावरची चार अंडी

मी सासरी नांदायला आले त्या साली वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या डोक्यात कापूस शिरला होता. दूर कुठल्या मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून विलायतवाले आमच्या दारी आले, एवढंच आम्हा बायकांना कळलं होतं. आमच्या शेजारच्या म्हातारीनं तर तुळशीच्या ओट्याभोवतीसुद्धा सरकी टोचली होती. तुळशीला पाणी घालताना ती आधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, रोपाला घालायची, मग तुळशीला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

माझं माहेर डोंगराच्या पायथ्याशी, चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाला. तिथं अंगणात मोर यायचे आणि आम्ही त्यांना कोंबड्यांसारखं हाकलायचो. सासर पडलं अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या सपाटीवर, पूर्णा नदीच्या अलीकडं. जिकडं पाहावं तिकडं काळी जमीन, मध्ये एखादा निंब. पहिले आठ दिवस मी रडले. सासूबाईंना वाटलं, आईची आठवण येते. आईची येत होतीच, पण खरं सांगायचं तर झाडांची जास्त येत होती.

मग मला आमचं बरड सापडलं. वावराच्या वरच्या अंगाला पाचेक बिघे मुरमाड जमीन पडीत होती. तिथं नांगर चालायचा नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी तिच्या वाटेला गेलं नव्हतं. बोरी, हिवर, खैर, चार-पाच पळस, आणि कमरेएवढं गवत. खालून एक नाला जायचा, तो दिवाळीनंतर कोरडा. सरपण आणायच्या निमित्तानं मी तिथं जायला लागले आणि माझं रडणं बंद झालं.

काय नव्हतं तिथं! थंडीत बोरींना वाटाण्याएवढी बोरं यायची, आम्ही त्यांना येरोण्या म्हणतो. त्या खायला मी जायची, आणि माझ्याआधी खोकड येऊन गेलेलं असायचं. त्याच्या विष्ठेत नुसत्या बिया. पळस फुलला की मैना अशा भांडायच्या, की जणू हिस्सेवाटणी चाललीय. तितराचं जोडपं तर माझ्या इतक्या ओळखीचं झालं होतं, की मी मोळी बांधत असताना ते हाताच्या अंतरावर माती उकरायचं. बाकीच्या सुनांच्या मोळ्या न्याहारीला घरी पोचायच्या, माझी यायला ऊन डोक्यावर यायचं. सासूबाई म्हणायच्या, ही सरपण आणते का झाडं लावून वाढवते, कोण जाणे.

आमच्या घरची एक रीत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सासऱ्यांशी सुनेनं थेट बोलायचं नाही. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, पण ते त्यांच्या माघारी. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं, त्या नसल्या तर चुलीला. "भाकर तयार आहे," असं मी चुलीला सांगायची आणि मामाजी पाटावर येऊन बसायचे. नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणजे भासरे, त्यांच्याशी तर चुलीमार्फतसुद्धा नाही. ते मला काही सांगायचे ते बैलाकडं पाहून. बिचाऱ्या बैलाला आमच्या घरातलं सगळं ठाऊक होतं.

मामाजींना गावात मान होता तो टिटवीमुळं. टिटवी उघड्यावर, जमिनीवरच अंडी घालते. उंचावर घातली तर पाऊस दणक्यात, नाल्याच्या पात्रात घातली तर पाऊस बेताचा, असा आमच्याकडचा हिशोब. मामाजी दर वैशाखात टिटवीचं घर शोधायचे आणि पारावर जाऊन सांगायचे. त्यावर गाव ठरवायचं, कुठल्या वावरात काय पेरायचं. आणि त्यांचा एक नेम होता: जिथं अंडी तिथं वखर नाही, विस्तव नाही, पिल्लं चालती होईपर्यंत.

मला येऊन वर्ष झालं, आणि चैत्रात भासऱ्यांनी बैलाला सांगितलं, की यंदा बरड साफ करायचं. झाडोरा तोडून जागेवर पेटवायचा, मुरमात का होईना पऱ्हाटी लावायची. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. सगळं गाव तेच बोलत होतं आणि आपलीच जमीन रिकामी दिसत होती. पण मी ते ऐकलं आणि माझ्या हातातलं शेण हातातच राहिलं. बरड गेलं तर मी या सपाटीवर राहू कशी, एवढंच डोक्यात. कुणाला सांगायचं तर चूल काही मदत करणार नव्हती.

तेव्हा मला सुचलं ते मी केलं. नाल्यातून चार गोटे निवडले. मातकट रंगाचे, वर काळे डाग, एका मापाचे. टिटवीची अंडी अशीच असतात, हातभरावरून कळत नाहीत. बरडाच्या अगदी माथ्यावर मुरमात ओंजळीएवढा खळगा केला, त्यात ते चार गोटे टोकं आत करून मांडले. नाल्यात असताना डोक्यावर टिटव्यांची जोडी बोंबलत होती, तेही पथ्यावर पडलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, की बरडावर टिटवी बसलीय, चार अंडी.

मामाजी लगेच निघाले. ते कधी घराजवळ जायचे नाहीत. अंड्यांवर माणसाची सावली पडली तर टिटवी घर सोडते, असं त्यांचं म्हणणं. वीस पावलांवरून पाहिलं, टिटव्या वर ओरडतच होत्या, झालं त्यांचं समाधान. भोवती बाभळीच्या चार काट्या रोवल्या आणि भासऱ्यांना सांगून टाकलं, पिल्लं निघेपर्यंत बरडावर कोयता नाही. तोवर पेरणी तोंडावर येणार होती. म्हणजे निदान यंदाचं टळलं. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण मी शहाणी असले तरी अर्धीच. मामाजी पारावर जाऊन सांगणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी सांगितलं: यंदा टिटवी थेट माथ्यावर आहे, अंडी चार, पाऊस असा पडेल की खालच्या काळ्या वावरात पाणी तुंबून पऱ्हाटी सडेल. गावानं ऐकलं. ज्याला त्याला उंचावरची जमीन हवी झाली. आणि उंचावर काय होतं? आमच्यासारखीच ज्याची त्याची बरडं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला गेले तर चारी बाजूंनी कुऱ्हाडींचे आवाज. पलीकडच्या टेकाडावर धूर चढत होता. आधी मला उमगलंच नाही. पाणवठ्यावरची एक बाई म्हणाली, तुमच्या मामाजींनी सांगितलं ना, म्हणून. एक बरड वाचवायला मी गोटे मांडले आणि गावची सगळी बरडं पेटायला लागली. वर पावसानं ओढ दिली असती, तर मुरमातल्या पऱ्हाट्या जळून लोकांच्या घरात दाणा आला नसता, आणि शिव्या मामाजींना बसल्या असत्या.

घरी आले. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मामाजी ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. मी चुलीकडं पाहिलं. म्हटलं, हे चुलीला सांगायचं काम नाही. पदर पुढं ओढला आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले.

"मामाजी," मी म्हटलं, "ते अंडे नाहीत. नाल्यातले गोटे हायेत. म्या ठेवले."

त्यांचा हात थांबला. वर्षभरात त्यांनी माझा आवाज पहिल्यांदा समोरून ऐकला होता आणि ऐकला तो असा. मला वाटलं, आता माहेरी धाडतात. मग त्यांनी कारण तेवढं विचारलं.

"काऊन?"

मी सांगितलं. खोकडाचं सांगितलं, तितरांचं सांगितलं, पळसाचं सांगितलं, माहेरच्या मोरांचंही सांगितलं. एकदा तोंड उघडलं तर वर्षभराचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, की खोकडाला यंदा पिल्लं किती. मी म्हटलं, तीन. मग ते उठले, पागोटं घातलं आणि पाराकडं गेले.

पारावर काय झालं ते संध्याकाळी माझ्या घरधन्यांनी सांगितलं. मामाजी उभे राहून म्हणाले होते, की माझी चूक झाली, माझे डोळे गेले, मी गोट्यांना अंडी समजलो, माझं ऐकून कुणी बरड तोडू नका. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. लोक हसून हसून लोळले. चाळीस वर्षांचा मान त्या एका बैठकीत गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गावात 'गोटेबुवा' म्हणायला लागले, आणि ते हाकेला ओ द्यायचे. गावातल्या दोघांची बरडं तोवर जळून गेली होती, ती काही परत आली नाहीत. बाकीच्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कुणी चार मुस्काटात मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भासरे मात्र खूश झाले. अंडीच नाहीत तर अडचण कसली. सकाळी कोयता घेऊन निघाले. मामाजींनी त्यांना थांबवलं आणि मला हाक मारली. सरळ, सगळ्यांसमोर, "सुनबाई" म्हणून. सासूबाईंच्या हातून ताकाचं भांडं निसटता निसटता राहिलं. मामाजी म्हणाले, "अगुदर सून बरड पाह्यते. हिले जे सापडंन त्याले म्या हात लावून पायीन. मंग पेटवजा."

असं आमचं पाहणं सुरू झालं. मी पुढं, मामाजी काठी टेकत मागं, त्यांच्या मागं तोंड फुगवून भासरे. पहिल्या दिवशी बोरीच्या बुडाशी तितराची सात अंडी निघाली. मामाजी खाली बसले, बोटाची पाठ हलकेच टेकवली आणि म्हणाले, गरम हाय. ती बोर सुटली. दुसऱ्या दिवशी हिवरावर होल्याची दोन अंडी. तिसऱ्या दिवशी गवताच्या बुडाशी चंडोलाचं घरटं, त्यात चोची वासून तीन पिल्लं. खोकडाच्या बिळात मामाजींनी हात घालायचा हट्ट धरला तेव्हा मात्र मीच नको म्हटलं. भासरे रोज कोयता घेऊन यायचे आणि रोज तसाच परत न्यायचे. एक दिवस सशाचं पिल्लू त्यांच्याच पायाखालून उठलं. ते इतके दचकले, की मामाजी खाली बसून हसले.

आणि खरी टिटवी? ती नाल्यात निघाली. मी गोटे उचलले होते तिथून दहा पावलांवर, वाळूत, तीन अंडी. त्या दिवशी टिटव्या बोंबलत होत्या त्या माझ्याच नावानं. मामाजींनी हात लावला, आणि तरीही टिटवीनं घर सोडलं नाही. पाऊस बेताचा, असं त्यांनी पारावर सांगितलंसुद्धा. लोकांनी विचारलं, बुवा, गोटे तर नाहीत ना? त्यानंतर त्यांना कुणी विचारायला आलं नाही. पाऊस त्या साली ना कमी ना जास्त, नेहमीसारखाच झाला.

पेरणी आली, बरड राहिलं. पुढल्या सालापर्यंत ती दूरची लढाई संपली म्हणे, कापसाचा भाव बसला, आणि मुरमात पऱ्हाटी लावायचं भूत आपोआप उतरलं. शेजारच्या म्हातारीनं तुळशीला आधी पाणी घालायला सुरुवात केली. त्यामुळं बरड माझ्या शहाणपणानं वाचलं, असं मी कधी म्हणत नाही. मामाजींनी त्याच्यासाठी काय दिलं ते मला ठाऊक आहे, आणि मी ते कधी फेडू शकले नाही.

त्या पुढल्या सालच्या वैशाखातली एक दुपार आठवते. मी अंगणात डाळ पाखडत होते, मामाजी ओसरीवर होते. भासरे वावरातून आले, दावणीशी गेले आणि नेहमीसारखे बैलाला सांगायला लागले, की बरडाच्या कोपऱ्यात टिटवी बसलीय, चार अंडी आहेत.

मामाजी ओसरीवरूनच म्हणाले, "त्याले काय सांगतं? तिले सांग ना."

भासऱ्यांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. मग माझ्याकडं वळले. मी पदर सावरून उभी राहिले, सूप हातात तसंच.

"सुनबाई," ते म्हणाले, "म्या हात लावून पायला. गरम हायेत."